बसून हावो, हजर नाई

मास्तरकीची पहिली काही वर्षं मी ज्या गावात काढली, त्याचं नाव इथे लिहीत नाही. अनसिंगचा बाजार करून दिवस मावळायच्या आत परत येता येई, एवढ्या अंतरावर ते होतं. नाव टाळतो आहे ते तिथल्या माणसांना जपायला नाही, त्यांतली बरीचशी गेली. निव्वळ सवयीने टाळतो आहे. ही हकिकत मी घरातसुद्धा कधी पुरती सांगितलेली नाही.

गावाच्या खालच्या अंगाला, नाल्यापलीकडे फासेपारध्यांचा बेडा होता. पळसाच्या फांद्यांची आणि तुराट्यांची बारा पालं. ही माणसं तितर, लावे, ससे फाशात धरत. शिकवलेली गाय पुढे घालायची, ती चरत चरत सरकली की तिच्या पोटाआडून आपणही सरकायचं. पाखराला गाय तेवढी दिसे. इंग्रजाने कधी काळी कायदा करून ही सगळी जमातच जन्माने चोर ठरवली होती. चोरी केली असो की नसो, पोरगं जरा मोठं झालं की त्याचं नाव पोलिसांच्या बुकात चढे. मग रोज सकाळ-संध्याकाळ चावडीवर यायचं, पोलीस पाटलाने नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं. दुसऱ्या गावाला जायचं तर परवाना घ्यायचा, आणि जिथे मुक्काम पडेल तिथल्या पाटलाला तो दाखवायचा. यात कुठे चुकलं तर तुरुंग.

आमच्या पाटलांना सहीपुरतंच लिहिता येई, म्हणून ते बुक माझ्याकडे आलं. मी तेविशीत होतो. शाळा चावडीला लागूनच होती. राहायची खोली पाटलांची, जेवणही त्यांच्या घरचं. “गुरुजी, तुमचं अक्षर मोत्यावानी हाये. एवढं लिहीत जा,” ते म्हणाले आणि मी लिहू लागलो. नाइलाज होता, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. पांढऱ्या मिशांचे म्हातारे माझ्यापुढे हात बांधून उभे राहत, आणि मी मान वर करीपर्यंत तसेच थांबत. मला ते आवडत असे.

त्या बुकात बायांची नावं नव्हती. एकीचं तेवढं होतं. शिपाई तिच्या नवऱ्याला काठीने मारत असताना तिने ती काठी हिसकून घेतली होती, गुडघ्यावर मोडली होती आणि दोन्ही तुकडे शिपायाच्या हातात नीट परत दिले होते. नवरा पुढे तुरुंगात मेला. तिचं नाव बुकात चढलं ते चढलंच. वय चाळिशीच्या आसपास, उंच, डाव्या भुवईवर जुना व्रण. पाटील नाव घेत तेव्हा बाकीचे पुटपुटल्यासारखं ‘हजर’ म्हणत. हिचा आवाज नाल्यापार जाई.

“हजर! काल होती तेच हावो, पाटील. बदलून नाई आली.”

लोक हसत. पाटीलही हसत. ती मात्र हसत नसे.

एका दिवाळीला मी अनसिंगहून गूळ आणला. दुकानाच्या शेठजींनी तो वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिला होता. रस्त्याने चालता चालता वाचायची मला खोड. गुळाच्या डागाशेजारी बातमी होती : पारध्यांसारख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा सरकारने रद्द केला आहे, आता त्यांना हजेरी नाही, परवाना नाही. मी रस्त्यातच उभा राहिलो. मला आनंद झाला होता, हे मी आज शपथेवर सांगेन. पण मग तो कागद घेऊन मी बेड्यावर गेलो नाही. पाटलांकडे गेलो.

त्यांनी ऐकून घेतलं. सुपारी कातरता कातरता म्हणाले, “पेपरात काय, गुरुजी, इंद्राच्या दरबारातलंबी छापून येते. वरून हुकूम येऊ द्या, मंग पाहू. अन् हे खाली नाल्याकडे नका बोलू. उगाच कालवा व्हईन.”

“बरं,” मी म्हणालो.

त्या ‘बरं’वर पुढचं सगळं उभं आहे. कागद मी फेकला नाही. घडी करून पेटीत, धोतराच्या तळाशी ठेवला. मधूनमधून काढून वाचीतही असे. का वाचत होतो ते सांगता येत नाही. वाचून घडी घालायची, पेटी लावायची आणि चावडीवर जाऊन बुक उघडायचं.

पाटलांना हजेरी का हवी होती, हे मला समजत होतं. रानडुकरांपासून त्यांच्या वावराची राखण बेड्यावरची माणसं फुकट करत. नाही म्हणणाऱ्याच्या नावापुढे दुसऱ्या दिवशी ‘गैरहजर’ पडे. ते मीच लिहीत असे.

ती दिवाळी गेली, पुढची आली, तीही गेली. संक्रांतीच्या सुमाराला तिला निरोप आला. तिची एकुलती एक लेक कारंज्याकडे, धनजच्या बेड्यावर दिलेली होती. पहिलटकरीण. दिवस भरत आले होते, पाय सुजले होते आणि ती आईला बोलावत होती. सकाळच्या हजेरीला तिने पाटलांकडे परवाना मागितला. मागतानाही तिचा आवाज उतरलेला नव्हता.

“धनजले जायचं हाये, पाटील. पोरगी अडली तं मीच पाह्यजे. तथी तिले कोणी नाई.”

“ज्वारी उभी हाये वावरात. तू गेली का तुह्ये लोक झोपा काढतीन. उद्या पाहू.”

दुसऱ्या दिवशी ‘उद्या’. तिसऱ्या दिवशी पाटील म्हणाले, “बाळंतपण का पयलंच हाये जगातलं? व्हईन आपोआप.”

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्या ओसरीखाली येऊन उभी राहिली. वर पाऊल ठेवलं नाही. ओसरीवर यायची त्यांना मुभा नव्हती आणि मी कधी ‘ये’ म्हटलं नव्हतं.

“गुरुजी, तुमी बोलून पाहा ना. तुमचं ऐकते ते.”

“पाहतो.”

“पोटातलं लेकरू उद्या-परवाची वाट नाई पाहत, गुरुजी. मले तेवढा कागद करून द्या.”

ती कागदासाठी थांबली होती. आणि तिला कशाचीच गरज नाही, उठून चालू लागलं तरी कुणी अडवू शकत नाही, असं सांगणारा कागद माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर पेटीत होता. मी पुन्हा म्हणालो, “पाहतो.” ती गेली. पाटलांशी मी बोललो नाही. जेवताना विषय तोंडापर्यंत आला होता, तेवढ्यात पाटलांनी माझ्या ताटात भाकर वाढायला सांगितली.

सहाव्या दिवशी परवाना मिळाला. नाव, व्रण, कुठे जाणार, किती दिवस, सगळं माझ्या मोत्यासारख्या अक्षरात. पाटलांनी शिक्का मारला. तिने कागद पदराच्या गाठीत बांधला आणि तिथूनच चालू लागली. त्यांच्या कुळात बाईने चाकाच्या गाडीत बसायचं नाही असा नेम होता. मंगरूळवरून कारंजा, तिथून धनज, सगळं पायी.

परतली ती बाराव्या दिवशी, सकाळच्या हजेरीला. पदराच्या झोळीत तान्हं होतं. चावडीसमोर बेड्याची माणसं गोळा झालेली. ती आली आणि नेहमीसारखी उभी न राहता पाटलांसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. पाटलांनी नाव पुकारलं. ती गप्प. त्यांनी पुन्हा पुकारलं.

“काय वं, ऐकू नाई येत? इथं बसून हायस ना?”

“बसून हावो, पाटील. हजर नाई.”

कुणालाच काही कळेना. तेव्हा तिने सांगितलं. पाटलांना नव्हे, मागे वळून आपल्या माणसांना. एरवी ती माणसं आपसात आपल्या बोलीत बोलत. त्या दिवशी तिने वऱ्हाडीत सांगितलं, सगळ्या गावाला कळावं म्हणून.

वाटेत प्रत्येक मुक्कामाला तिने परवाना दाखवला होता. एका गावी पाटील वावरात गेलेला, तो येईपर्यंत अर्धा दिवस त्याच्या दारात बसून राहिली. धनजला पोचली तेव्हा लेकीचं पाल समोर दिसत होतं. तरी ती आधी तिथल्या पाटलाच्या घरी गेली. आयुष्यभराची सवय. आधी हजेरी, मग लेक.

“त्या पाटलानं कागद पाह्यला अन् हसला. म्हणे, कायची हजेरी वं बाई? तो कायदा उठला, वर्षाच्या वर झालं. इकडं आमी बुक कवाच बांधून ठेवलं. तुमच्या गावात कोणी सांगतलं नाई काय?” ती थांबली. झोळी जरा सावरली. “मंग मी पालाकडं गेली. पोरगी आदल्या दिशी गेलती. हे एवढं राह्यलं.”

मी बुकाकडे पाहत होतो.

पाटील चांगलेच गोरे होते. ते लाल झाले. “धनजच्या पाटलानं सांगतलं म्हणून कायदा उठते काय? गुरुजी, लिहा गैरहजर.”

समोर बसलेल्या बाईच्या नावापुढे मी ‘गैरहजर’ लिहिलं. मग पुढचं नाव. तिचा मुलगा होता. तोही खाली बसला आणि बोलला नाही. मग त्याच्या शेजारचा म्हातारा. एकेक करून बेड्याचं सगळं माणूस जमिनीवर बसलं. माझ्यापासून दहा हातांवर बसलेल्या सगळ्यांना मी एका ओळीत गैरहजर लिहिलं. लिहिताना मला हसू आलं असतं, इतकं ते वेड्यासारखं होतं.

संध्याकाळी ते पुन्हा आले. दुसऱ्या दिवशीही आले. मला वाटलं होतं ते येणंच बंद करतील. पण न येण्यात चोरून राहिल्यासारखं झालं असतं. ते वेळेवर येत, ओळीने बसत, आणि बोलत नसत. पाटलांचा आवाज एकटाच चावडीत घुमे. असला विचार मला पुस्तकं वाचूनही सुचला नसता. तिला सुचला, आणि बारा घरांनी तो पाळला. कुणी कुणाला दटावलेलं मी ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी पाटलांनी शिपाई बोलावला. शिपायाने तिच्या मुलाला धरलं, चावडीच्या खांबाला मागे हात करून बांधलं आणि तिला म्हणाला, “म्हण हजर. सोडतो.”

ती मुलासमोर जाऊन बसली. तान्ही मांडीवर. शिपायाने मुलाच्या पोटऱ्यांवर काठी चालवली. दर खेपेला तिच्याकडे वळून तो विचारी, “म्हणतं का?” मुलगा दात आवळून नुसती मान हलवत होता. नाही, नाही. ऊन डोक्यावर आलं. मुलाला पाणी नव्हतं, म्हणून तीही प्यायली नाही. बेड्यातली एक ओली बाळंतीण येऊन तान्हीला दूध पाजून गेली, तेवढंच.

पाटील मध्येच खेकसले, “अन् हे नवीन कोण आणलं? हिचंबी नाव घ्या, गुरुजी.”

ती तटकन म्हणाली, “हे पोट्टी कोणाच्याच बुकात जात नाई. तुमच्या हाताले लिवाले पाह्यजेच तं मले लिवा दहा बार.”

दुपार कलली तेव्हा शिपाई माझ्याजवळ येऊन कुजबुजला, “गुरुजी, याच्यावर कलम काय टाकू? जुनं तं चालत नाई आता.” म्हणजे त्यालाही माहीत होतं. पाटलांना, त्याला, मला. चावडीवर येणाऱ्यांपैकी इतके दिवस माहीत नव्हतं ते फक्त ज्यांचं होतं त्यांना. मी म्हणालो, “मला काय विचारता?” त्याने जाऊन दोर सोडला. मुलगा खाली बसला, त्याला उभं राहता येईना. तिने त्याला पाणी पाजलं, आणि मग स्वतः प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाशीमला, सरकारी कचेरीत गेली. धनजच्या पाटलाच्या तोंडच्या शब्दावर गाव विश्वास ठेवणार नाही, कागदच लागेल, हे तिने ओळखलं होतं. तीन खेपा केल्या तिने, तान्हीला पाठीशी बांधून. पहिल्या खेपेला कचेरीच्या फाटकावरूनच परत लावली. दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्या खेपेला फाटकाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या एका म्हाताऱ्या अर्जनविसाने तिचं ऐकलं, आत जाऊन हुकुमाची नक्कल करवून घेतली आणि त्या नकलेवर शिक्का आणला. या तीन खेपांतली एकही तिला करावी लागली नसती. मी तिला जाताना तिन्ही वेळा पाहिलं.

कागद घेऊन ती चावडीवर आली. गाव जमलं होतं. तिने तो पाटलांना दिला नाही, मला दिला. “तुमी वाचा, गुरुजी. मोठ्यानं.”

मी वाचलं. नक्कल सरकारी भाषेतली होती, लांबलचक वाक्यांची, आणि सांगत होती तेच, जे मी पेटी उघडून उघडून वर्षभर वाचलं होतं. कुठे अडखळलो नाही. वाचताना नजर वर उचलली तेव्हा ती माझ्याकडे पाहत होती. बाकी सगळे कागदाकडे पाहत होते.

पाटील उठून घरात गेले. बेड्याची माणसं ओरडली नाहीत, नाचली नाहीत. एका म्हाताऱ्याने मात्र धोतराचा सोगा झटकला, पाटलांच्या रिकाम्या जागेकडे पाहून खणखणीत ‘हजर!’ म्हणाला, आणि मग असे हसले सगळे, की चावडीवरची कबुतरं उडाली.

लोक पांगल्यावर ती ओसरीपाशी आली.

“गुरुजी, फासा कुठं मांडला हे ज्या तितराले ठाव असते ना, ते वेगळं चालते. पाय जपून टाकते, कुठं अडकत नाई. तुमी तसं वाचून राह्यलते.”

मी खोलीत जायला वळलो.

“तुमाले पयलेच ठाव होतं. कवापासून?”

मी हिशोब केला. हे लिहायला इतकी वर्षं लागली. तिची लेक जाऊन महिना होत आला होता. मी म्हणालो, “झाले असतील आठ-पंधरा दिवस. पेपरात दिसलं. खात्री नव्हती, म्हणून बोललो नाही.”

लेकीच्या मरणाच्या अलीकडचा दिवस मी मोजून निवडला होता.

तिने पाठीवरची तान्ही नीट बांधून घेतली. मग म्हणाली, “मंग ठीक हाये,” आणि वळली.

पुढच्या आठवड्यात बेडा उठला. त्यांचा देव चांदीच्या टाकांचा, गाठोड्यात बांधून ठेवलेला. परक्याची नजर त्यावर पडू देत नसत. एवढ्या वर्षांत तो मी कधी पाहिला नव्हता. त्या सकाळी, नेमक्या हजेरीच्या वेळी, ते गाठोडं डोक्यावर घेऊन तिचा मुलगा लंगडत पुढे, मागे गाई, कुत्री, बाया, पोरं, अशी सगळी मंडळी गावाच्या मधल्या रस्त्याने चावडीवरून गेली. पाटलांना वाटलं, गेली पीडा कायमची. पंधरा दिवसांनी सगळी मंडळी परत आली. धनजकडचे सोयरे बरोबर होते, परवान्याशिवाय आलेले. पाटील चावडीवरून म्हणाले, “आलात काय पुन्हा?”

“आलो ना,” ती म्हणाली. “जायाले तुमाले इचारत होतो, यायाले बी इचारत होतो. आता दोनी आमच्या मनचं.”

राखणीला मात्र पुन्हा कुणी गेलं नाही. मी बदलीसाठी अर्ज केला. मिळाली. ते कात्रण माझ्याबरोबर आलं, ती पेटी अजून घरात आहे.

आता मी वाशीमजवळच्या मालेगावला असतो. गेल्या उन्हाळ्यात बाजारात एक तरुण बाई शिंदीच्या झाडण्या विकत होती. उंच होती, आणि भाव सांगतानाचा तिचा आवाज रस्त्यापार जात होता. गाव विचारलं, तिने सांगितलं. तेच गाव. तुझी आजी, म्हटलं, भुवईवर व्रण असलेली?

“तुमी कोण? शाळेवाले गुरुजी तं नाई?” तिने झाडणी खाली ठेवली. “आजी गेली मांगच्या साली. तुमची याद काढे. म्हणे, सगळा गाव पाटलाच्या बाजूनं होता, गुरुजीनं मातर चावडीवर उभं राहून खरं वाचून दाखवलं.”

मी तिथून निघू शकलो असतो. एक झाडणी घेऊन, बरं आहे म्हणून. पाय उचलला होता. मग मी तिला सांगितलं. भर बाजारात, उभ्या उभ्या. गूळ, कागद, पेटी. तिच्या आजीला सांगितलेले आठ-पंधरा दिवस. आणि खरं काय ते.

ती रागावली नाही, रडलीही नाही. “कोणत्या दिवाळीले वाचलं होतं?” तिने विचारलं.

“तुझी आई गेली, त्याच्या आधीच्या नव्हे. त्याच्याही आधीच्या.”

तिने भारा बाजूला सरकवला आणि अंगठ्याने बोटांच्या पेरांवर महिने मोजायला लागली. ओठ हलत होते. एका हाताची पेरं संपली. ती थांबली, दुसरा हात उघडला आणि तिथून पुढे मोजलं. मग हात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

“तवा तं मी पोटातबी नव्हती,” ती म्हणाली.